‘शकुंतले’वरचा अनुस्वार

मूर्तिजापूरला जायचे म्हणून कोणी घरून निघत नसे. मूर्तिजापूरला माणसे गाडी बदलीत. मुंबई-नागपूर या मोठ्या रुळावरून यायचे, वळकटी डोक्यावर घेऊन पलीकडच्या ठेंगण्या फलाटावर जायचे आणि तिथल्या चिमुकल्या गाडीत बसून एकीकडे यवतमाळ नाही तर दुसरीकडे अचलपूर गाठायचे, हा वऱ्हाडातला कैक पिढ्यांचा परिपाठ. दोन गाड्यांच्या मधला जो तास-दोन तासांचा रिकामा वेळ, त्याचेच नाव मूर्तिजापूर, असे माझे एक यवतमाळकर स्नेही म्हणत. मी त्या गावचा, तेव्हा मला राग यायला हवा. पण खरे सांगायचे तर त्या रिकाम्या वेळावरच आमचे घर चालले. माझे वडील याच स्टेशनात नॅरोगेजच्या मालधक्क्यावर कारकून होते.

आता ती चिमुकली गाडीही गेली काही वर्षे बंद आहे. गेल्या उन्हाळ्यात मी गावी उतरलो तेव्हा मोठ्या फलाटावर तांबड्या ठिपक्यांचा विजेचा फलक गाड्यांची नावे सरकवीत होता आणि पलीकडच्या रुळांत गवत वाढले होते. त्या फलकाकडे मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. ठिपक्यांच्या चौकटीत देवनागरी बसवायची म्हणजे जोडाक्षराला अंग चोरून उभे राहावे लागते, आणि बिचाऱ्या अनुस्वाराची तर शोभाच जाते. सारे अक्षरच ठिपक्यांचे, मग हा एक जास्तीचा ठिपका कोणाच्या नजरेत भरणार? शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मला विचारले, “गाडी लेट हाय काय?” मी म्हटले, “नाही, अनुस्वार पाहतो आहे.” ते दोन पावले सरकून उभे राहिले.

वाचकांनीही सरकण्याआधी खुलासा करतो. मी मराठीचा प्राध्यापक असल्याने अनुस्वाराशी माझे नाते पोटापाण्याचे आहेच. परंतु त्या दिवशीचा अनुस्वार घरचा होता. आमचे मूर्तिजापूरचे घर विकले गेले होते आणि घराच्या कपाळावर जे एक नाव सिमेंटात उठवलेले होते, त्याचे काय करायचे हे ठरवायला मी निघालो होतो.

त्या नावाची कथा सांगायची तर गाडीपासून सुरुवात करायला हवी. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या व्यवस्थेखाली हे अडीच फूट रुंदीचे रूळ पडले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, कारंजा-दारव्ह्यावरून. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, दर्यापूर-अंजनगावावरून. कापूस या रुळांवरून मोठ्या गाडीपर्यंत, तिथून मुंबईला आणि मुंबईहून थेट मँचेस्टरला जाई. १९२१ साली बनलेले जे वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत ही गाडी ओढत होते, तेही मँचेस्टरचेच. आपला कापूस नेला आणि बदल्यात इंजिन दिले, असा हा व्यवहार. देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली, हा आणखी एक चमत्कार. अचलपूरच्या ७६ किलोमीटरांना चार तास लागत. उतारू मध्येच उतरून शेतातले हरभऱ्याचे डहाळे उपटून पुन्हा डब्यात चढत, असे सांगतात. मी स्वतः हे एकदा केले आहे. दुसऱ्यांदा धाडस झाले नाही, कारण त्या शेताचा मालक माझ्यापेक्षा आणि गाडीपेक्षाही वेगाने धावणारा निघाला.

या गाडीला लोकांनी नाव ठेवले होते शकुंतला. सरकारी कागदावर काय असेल ते असो. वऱ्हाडात ती शकुंतलाच. १९८४ साली माझ्या वडिलांनी स्टेशनापासून दहा मिनिटांच्या अंतरावर तीन खोल्यांचे घर बांधले आणि त्याला नाव दिले ‘शकुंतला’.

माझ्या आईचे नाव शकुंतला नाही. गावाला ते ठाऊक नव्हते. पोस्टमन तिला शकुंतलाबाई म्हणून मनीऑर्डरीवर सही मागे, नवे शेजारी “बाबूजींनं बायकोचं नाव देल्लं, मोठं कौतुक हाय” असे म्हणत. आई सुरुवातीला खुलासा करी. पुढे तिने तो सोडून दिला आणि “घर माझ्या सवतीच्या नावावर आहे” एवढेच सांगू लागली. बाबांना विचारले तर ते म्हणत, “भाकर कोणाची खातो आपण? तिचीच ना?”

आता नाव तर ठरले. ते लिहायचे कसे? त्या वर्षीच्या एप्रिलात राकेश शर्मा रशियनांच्या यानातून अवकाशात जाऊन आले होते. गावात टीव्ही नुकते येऊ लागले होते, आणि ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांनी वर्तमानपत्रातली छायाचित्रे कापून भिंतीला लावली होती. आमच्या आळीत एक पेंटर राहत. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, शाळेचे नकाशे, जे समोर येईल ते रंगवीत. मी त्यांचे नाव लिहीत नाही. गावात त्यांना ‘पेंटर’ याखेरीज दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही, आणि ती त्यांना पुरेशी वाटे. बाबांनी त्यांना बोलावले तेव्हा ते अवकाशयानाच्या नादात होते.

“बाबूजी, नाव असं काहाडून देतो का वरतून रॉकेट गेलं तरी वाचता आलं पाह्यजे,” असे ते म्हणाले.

“रॉकेटचं राहू द्या,” बाबा म्हणाले. “खालून जाणाऱ्याला वाचता आलं म्हणजे झालं.”

पेंटरांनी बोरूचे वळण बाजूला ठेवले. कुंचलाही ठेवला. त्यांनी माझ्या बहिणीची कंपासपेटी मागितली, स्वयंपाकघरातून दोन वाट्या आणि एक ताटली मागितली, आणि गवंड्याला हाताशी धरून गच्चीच्या कठड्यावर पट्टी आणि कंपास यांच्या जोरावर ‘शकुंतला’ उभी केली. हातभर उंचीची अक्षरे. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची. बोरूच्या अक्षरात जो जाड-बारीक असा श्वास असतो तो नाही. ‘श’ची गाठ त्यांनी कोपरे गोल केलेल्या चौकोनाची केली, थेट टीव्हीच्या काचेसारखी. ‘क’चे डावे पोट तशीच काच आणि उजवे अर्धी काच. ‘त’ म्हणजे ताटलीचा चतकोर. ‘ल’ला शेजारीशेजारी दोन सारखे घुमट, आणि शेवटचा काना खाली निमुळता होत गेलेला. उकार म्हणजे वाटीची कड. या साऱ्यांना बांधणारी शिरोरेषा त्यांनी दोन्ही बाजूंना वीतभर पुढे काढली. बाबा म्हणाले, हा आपला नॅरोगेजचा रूळ. आणि ‘कुं’वरचा अनुस्वार? तो वाटीत सिमेंट ओतून काढलेला अर्धा गोळा होता. त्याभोवती तारेचे कडे बसवले होते, शनीच्या कड्यासारखे. सगळ्याला निळा तेलरंग. खाली १९८४ हा आकडा त्याच घडणीचा. त्यातले १ आणि ९ एकमेकांकडे पाहत असल्यासारखे.

देशातली एक अत्यंत सावकाश गाडी, आणि तिचे नाव लिहिले चंद्रावर निघालेल्या अक्षरांत! बाबांना यात काहीच विसंगत वाटले नाही. वाट्या मात्र पुन्हा स्वयंपाकघरात आल्या नाहीत, हे आईने पुढची चाळीस वर्षे लक्षात ठेवले.

मला त्या अक्षरांची लाज वाटे. लहानपणी ती निव्वळ मोठी वाटत. लाज पुढे आली, शिक्षणाबरोबर. अमरावतीला एम.ए. करताना मला जुन्या छापील पुस्तकांचा नाद लागला. निर्णयसागर छापखान्याची पोथी हातात घेतली आणि देवनागरी किती सुंदर असू शकते हे पहिल्यांदा कळले. जावजी दादाजींनी मुंबईत तो छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी त्याच्यासाठी खिळ्यांचे ठसे कोरले. त्या अक्षरांना वजन आहे, पण ओझे नाही. वळणाला डौल आहे, पण नखरा नाही. हे पाहिल्यावर घरी येऊन कठड्याकडे पाहिले की कसेसेच होई. मित्रांना मी घराचा पत्ता सांगताना नाव सांगत नसे. “स्टेशनाकडून तिसरी गल्ली, कडुलिंबाशेजारी” असे सांगे. ते येत आणि म्हणत, “अरे, ते रॉकेटवालं घर तुझं होय!”

त्यातून त्या नावावरचा अनुस्वार तोवर पडलेला होता. १९९१ च्या उन्हाळ्यात आळीतल्या क्रिकेटात कोणाच्या तरी फटक्याने तो गेला. तेव्हापासून घर ‘शकुतला’ झाले. भाषेच्या प्राध्यापकाच्या घरावर अशुद्ध शब्द! बाबांनी पेंटरांना दोनदा सांगितले. “लावून देतो, बाबूजी” असे ते दोन्ही वेळा म्हणाले. पुढे फ्लेक्स आला, पेंटरांचा धंदा बसला, ते मुलाकडे नागपूरला गेले आणि तिकडेच वारले. अनुस्वार राहिला.

पेंटरांविषयी मी अन्याय करीत नाही ना, याचा मला अलीकडे विचार पडतो. त्यांना ही अक्षरे फार आवडली होती, इतकी की पुढची काही वर्षे त्यांनी गावात जी मिळेल ती पाटी त्याच वळणात लिहिली, आणि तिथेच त्यांचे चुकले. एका भांड्यांच्या दुकानाचे नाव त्यांनी या पद्धतीने रंगवले. देवनागरीत ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक काय, तर एका गाठीचा आणि शिरोरेषेतल्या एका तुटीचा. ‘ध’ आणि ‘घ’ यांत तोच. पेंटरांच्या पट्टीखाली गाठ चौकोनात विरून गेली, शिरोरेषा अखंड झाली आणि दुकानावर ‘मांडी मांडार’ असे अवतरले. गावातल्या पोरांनी महिनाभर त्या दुकानदाराला जगू दिले नाही. एका औषधांच्या दुकानाची यादी त्यांनी या अक्षरांत लिहिली. ती वाचायला आधी चष्मा आणि मग औषध लागे. दर्यापूरच्या एका खाजगी मोटारीच्या कपाळावर ‘दर्यापूर’ लिहिले, तर त्यातला ‘र्या’ लांबून ‘पा’ की ‘या’ हे कळेना. कंडक्टर ओरडे म्हणून उतारू चुकत नसत. आणि एका लग्नपत्रिकेचा नमुना त्यांनी केला होता. तो वधूपित्याने परत पाठवला आणि निरोप दिला, की आमच्या मुलीचे लग्न आहे, उड्डाण नाही.

अक्षरावर गाव हसले, हे खरे. परंतु या गावाला अक्षराची चाड नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये. गाडगे महाराजांचे बालपण याच तालुक्यात, दापुरीला मामाच्या घरी, गुरे राखण्यात गेले. स्वतः शाळेत न गेलेला तो माणूस आयुष्यभर लोकांना सांगत फिरला, की ताट नसेल तर हातावर भाकर खा, पण पोराला शिकवा. आमच्याकडे ताटली आणि दोन वाट्या अक्षरांपायी गेल्या, त्याला निदान गावची परंपरा होती.

असो. मी माझ्या निर्णयसागरी अभिरुचीत सुखाने होतो. मला तिच्यातून बाहेर ओढले ते माझ्या पुतणीने. ती पुण्याला उपयोजित कला शिकते. दोन दिवाळ्यांपूर्वी ती आजीकडे आली, कठड्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, “काका, हे कोणी केलंय? हे तर भारी आहे!” मी म्हटले, “भारी नाही बेटा, जड आहे.” तिने माझ्या कोटीकडे लक्ष दिले नाही. मला समोर बसवून तिने तास घेतला. प्राध्यापकाने तास ऐकावा याची मला सवय नाही. पण तो ऐकण्यासारखा होता.

तिच्याकडून मला कळले ते असे. पट्टी-कंपासाची अक्षरे हा मूर्तिजापूरच्या पेंटरांचा एकट्याचा छंद नव्हता. १९२७ साली जर्मनीत पाउल रेनर यांनी वर्तुळ, चौकोन, त्रिकोण यांच्यावर बेतलेले रोमन वळण काढले आणि त्याला नावच दिले ‘फुतुरा’, म्हणजे भविष्य. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तिथे ठेवून आलेल्या धातूच्या पाटीवरचा मजकूर याच वळणातला. १९६२ साली इटलीत आल्दो नोव्हारेसे यांनी ‘युरोस्टाइल’ काढले. त्याचे ‘ओ’ अक्षर म्हणजे फुगवलेला चौकोन. तीच टीव्हीची काच! अवकाशाच्या चित्रपटांतली यंत्रे पुढे या अक्षरांत बोलू लागली. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७५ मध्ये आपले नाव एकाच जाडीच्या वळवळत्या नळीसारखे लिहून घेतले. त्यातल्या ‘ए’ला आडवी रेघसुद्धा ठेवली नाही. १९९२ साली त्यांना ते जुनाट वाटले म्हणून काढून टाकले आणि २०२० साली त्याचीच आठवण येऊन परत आणले.

“म्हणजे बघा काका,” ती म्हणाली, “उद्याचं म्हणून काढलेलं अक्षर जुनं झालं, आणि जुनं झाल्यावर लोकांना ते जास्तच आवडलं.”

“पण देवनागरीचं काय? आपली लिपी कंपासाला वश होणारी नाही,” मी म्हटले.

यावर आमचा खरा वाद सुरू झाला, आणि त्यात मी अर्धा हरलो व अर्धा जिंकलो. हरलो तो असा. मी तिला ‘ळ’ काढायला सांगितला, अडेल म्हणून. तिने दोन वर्तुळे शेजारी काढून वर शिरोरेषा ओढली. आडवा पडलेला इंग्रजी आठ. याहून भौमितिक अक्षर जगात कोणत्या लिपीत असेल? ‘ठ’ तसाच. ‘प’, ‘ग’, ‘न’, ‘त’ हे तर पट्टीचे मित्रच. ‘ल’च्या बाबतीत तर पेंटर माझ्याहून शुद्ध निघाले. २००९ च्या शासननिर्णयाने मराठीचा ‘ल’ पाकळीचा असावा असे सांगितले, आणि मूर्तिजापूरच्या कठड्यावर तो पंचवीस वर्षे आधीपासून दोन घुमटांच्या पाकळ्या घेऊन बसला होता. शिवाय पुतणीने मला दाखवले, की अशी वळणे आता बाजारात रीतसर मिळतात. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ‘पॉपिन्स’ नावाचे वळण काढले, त्यातली देवनागरी निनाद काळे यांची. वर्तुळाच्या पायावर उभी, तरी सरळ वाचता येणारी. र. कृ. जोशींचे ‘मंगल’ मी संगणकावर रोज वापरतो, पण त्यामागे एक सुलेखनकार आहे हेही मला ठाऊक नव्हते. मराठीचा प्राध्यापक! लेखकांची नावे मला पाठ. अक्षरे घडवणाऱ्यांचे एक निर्णयसागर सोडले तर नावही नाही.

जिंकलो तो पुढे. पुतणीने कठड्यावरच्या अक्षरांवरून संगणकावर सगळी बाराखडी तयार केली आणि मोठ्या उत्साहाने तिच्या आजीला त्या अक्षरांत एक पानभर पत्र छापून पाठवले. आईने ते मला दूरध्वनीवर वाचून दाखवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या ओळीला ती थांबली आणि म्हणाली, “अरे, हे सगळे एकसारखेच दिसून राहिले मले. पोरगी बरी आहे ना?” बोरूची जाड-बारीक रेघ ही नुसती शोभा नाही, डोळ्याला ती वाट दाखवते, इथे वळण आले, इथे दंड आला असे सांगत नेते. सगळी रेघ सारखी केली आणि सगळी पोटे एका काचेतून काढली की एक शब्द रुबाबदार दिसतो, दहा शब्द फरसबंदी दिसतात. ‘ह’, ‘झ’, ‘क्ष’ यांना चौकोनात कोंबले की ती अक्षरे रागावल्यासारखी दिसतात. ‘ख’चे ‘र’ आणि ‘व’ वेगळे होतात. वेलांट्या, मात्रा, रफार यांना वरच्या मजल्यावर जागा लागते, ती पट्टी देत नाही.

मग हे वळण शोभते कुठे? पुतणी आणि मी यावर दोन संध्याकाळी भांडलो. तिने त्या अक्षरांत जे सुचेल ते लिहायचे आणि मी दहा पावलांवरून वाचायचे, असा आमचा खेळ. नाटकाचे नाव छान बसले. कमल शेडग्यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत नाटकाच्या नावालाच त्या नाटकाचा चेहरा दिला होता, हे माझ्या पिढीला आठवत असेल. तिथे अक्षर वाचायचे आधी आणि ओळखायचे नंतर असा क्रम नसतोच, दोन्ही एकदम होते. मासिकाचे नाव बसले. घराचे नाव बसले. आकडे तर फारच सुंदर बसले. मैलाच्या दगडावर असले आकडे असावेत असे मला वाटले. विज्ञानाच्या प्रदर्शनाची कमान, शाळेच्या संमेलनाचा पडदा, इथेही ते आनंदाने गेले. दोन-तीन-चार अक्षरी शब्द, जोडाक्षर नसलेला, मोठ्या आकाराचा, आणि आधीपासून लोकांच्या तोंडात असलेला, एवढे जमले की हे वळण राजा. ‘शकुंतला’ हा शब्द या सगळ्या अटींत उतरतो. चुकून असेल, पण पेंटरांना नशिबाने नाव चांगले मिळाले होते. ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’ला मात्र त्याने हात लावू नये, रस्त्याच्या पाटीला लावू नये, औषधाच्या वेष्टनाला तर मुळीच नाही. जिथे माणूस घाईत आहे, आजारी आहे किंवा म्हातारा आहे, तिथे अक्षराने आपला रुबाब घरी ठेवून यावे, यावर आमचे एकमत झाले.

आणि या भांडणातच घर विकायचे ठरले. बाबा जाऊन पाच वर्षे झाली. आई एकटी, गुडघे दुखतात, दादा तिला पुण्याला नेणार. घेणाऱ्या गृहस्थांना तिथे दोन मजली इमारत बांधायची आहे, म्हणजे कठडा जाणार. सज्जन माणूस, “नाव कापून न्या ना, सर” असे म्हणाले. पण ते सिमेंटात इतके घट्ट होते की गवंडी म्हणाला, कापायला गेलो तर चुरा हाती येईल.

तेव्हा मला माझी विद्या आठवली. एम.ए.ला असताना आमच्या सरांबरोबर हिंडून मी शिलालेखांचे ठसे घेतले होते. दगड धुवायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ब्रशने ठोकून खाचाखोचांत घालवायचा, आणि अर्धवट सुकल्यावर शाईची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवायची. पुतणी म्हणाली, छायाचित्र घेऊ. मी म्हटले, खालून घेतले तर अक्षरे मागे कललेली येतात, आणि माप हवे तर कागद अंगाला लागला पाहिजे. खरे कारण निराळे होते. यादवांच्या दगडांना मी हा मान दिला होता, आणि बापाच्या कठड्याकडे वीस वर्षे मान वर करून पाहिले नव्हते.

गेल्या मे महिन्यात एका पहाटे, ऊन तापायच्या आत, दादा, पुतणी आणि मी असे तिघे शिडीवर आणि फळीवर चढलो. गल्ली जमली. कोणीतरी विचारले, “सर, काय सापडलं? जुनं हाय काय लई?” दादा म्हणाला, “१९८४ चं.” लोकांची निराशा झाली. चाळीस वर्षांच्या निळ्या रंगाचे पापुद्रे खरवडले तेव्हा खाली पेन्सिलीच्या रेघा निघतील असे मला उगीच वाटत होते. त्या नव्हत्या, पण ‘त’च्या आतल्या बाजूला कंपासाच्या टोकाचे भोक होते. अजून स्वच्छ. पुतणीने त्यात बोट ठेवून पाहिले.

शिलालेखात अक्षरे कोरलेली, म्हणून ठशात ती पांढरी उमटतात. आमची उठावाची, म्हणून काळी आली. रूळ आला, काच आली, घुमट आले, आकडा आला. ‘क’च्या डोक्यावर, जिथे अनुस्वार असायचा, तिथे एक खडबडीत वाटोळा डाग तेवढा उमटला. पुतणी म्हणाली, “इथे मी वर्तुळ काढून घालीन, काका. माप काय होतं?” मला माप आठवेना. वाटीएवढे, एवढेच ठाऊक. पण वाटी कोणती?

आई खाली अंगणात खुर्चीवर बसून सगळे ऐकत होती. ती उठली, भिंतीला धरून आत गेली आणि बऱ्याच वेळाने पदराखाली काहीतरी घेऊन बाहेर आली. शिडीवरून उतरून मी पाहिले. सिमेंटाचा अर्धा गोळा. एका बाजूला निळ्या रंगाची कळा अजून होती, तारेचे कडे गेलेले, सपाट बाजूला तेलाचे वर्तुळ.

“लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवला होता,” ती म्हणाली. “चांगला वजनदार आहे. आता पुण्याले काही मी बरणी नेत नाही.”

“पण तू इतकी वर्षं सांगितलं नाहीस? बाबा शोधत होते तेव्हा?”

“त्यांनी विचारलं असतं, चेंडू कोणाचा होता,” आई म्हणाली, आणि तो गोळा माझ्या हातात दिला.

पुतणीने तो कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली.